बेल्ट एवढासा, मग बिल एवढं का?

एका वाचक ताईंचं पत्र आलंय. थोडं आटोपतं करून देते:

"माझी पेट्रोल गाडी ९ वर्षांची आहे, ७२,००० किलोमीटर झालीत. दोन वर्षांपूर्वी सेकंडहँड घेतली. परवा सर्व्हिसिंगला दिली तर त्यांनी टायमिंग बेल्ट बदलायला सांगितलं आणि असं एस्टिमेट हातात ठेवलं की मी गाडी तशीच परत आणली. ओळखीच्या गॅरेजवाल्याला विचारलं, तो त्याच्या एक तृतीयांशात करतो म्हणाला. आधीच्या मालकांना फोन केला, ते म्हणाले, 'अहो, बेल्ट बदललाय की मी!' भाऊ म्हणतो, पुस्तिकेत एक लाखाला बदला असं आहे, अजून २८,००० बाकी आहेत, गाडी झक्कास चालतेय, कशाला इंजिनाला हात लावायचा? वर्षभरात गाडी विकायचा विचार आहे. रबराच्या एका पट्ट्याला एवढे पैसे का लागतात? आणि या सगळ्यांत खरं कोण बोलतंय?"

ताई, भावापासून सुरू करते, कारण बाकी सगळं त्याच्या म्हणण्यावर अडलंय. पुस्तिका पुन्हा काढा आणि ती एक लाखाची ओळ शेवटपर्यंत वाचा. बहुतेक गाड्यांत त्या आकड्यापुढे 'किंवा' असतो, 'किंवा'पुढे वर्षं असतात आणि शेवटी 'जे आधी होईल ते'. लोक किलोमीटर वाचतात आणि तिथेच थांबतात. मुदत इंजिनागणिक बदलते. कुठे ६०,००० किलोमीटर, कुठे दीड लाखाच्याही पुढे; वर्षं साधारण पाच ते दहा. रबर गाडी उभी असतानाही म्हातारं होतं, त्याला ओडोमीटरशी देणंघेणं नसतं. तुमची गाडी ९ वर्षांची आहे. पुस्तिकेत सहा किंवा आठ वर्षं लिहिली असतील तर तुमची मुदत केव्हाच टळली आहे आणि त्या २८,००० किलोमीटरना काही अर्थ नाही. दहा लिहिली असतील तर एक वर्ष हातात आहे. धुळीत, कडक उन्हाळ्यात किंवा बराच वेळ ट्रॅफिकमध्ये गाडी चालत असेल तर कडक वापराचं वेगळं कोष्टक बहुधा त्याच पानाच्या आसपास असतं, तेही बघा. सिग्नलला गाडी उभी असते तेव्हा किलोमीटर वाढत नाहीत, बेल्ट मात्र फिरतच असतो.

पुस्तिकेत बेल्टचा उल्लेखच सापडला नाही तर आधी खात्री करा की इंजिनात बेल्टच आहे. बऱ्याच इंजिनांत टायमिंग चेन असते आणि तिला अशी ठरलेली मुदत नसते. तुम्हाला एस्टिमेट मिळालंय आणि भावाला ओळ सापडलीय, म्हणजे बेल्ट असणारच. पण दोन मिनिटांचं काम आहे, बघून घ्या.

आता आधीचे मालक. ते खोटं बोलतायत असं मला वाटत नाही. त्यांनी बेल्ट बदललाही असेल, प्रश्न कोणता हा आहे. इंजिनाच्या बाहेरच्या बाजूला एक बेल्ट असतो, अल्टरनेटर (बॅटरी चार्ज करणारा) आणि एसीचा कॉम्प्रेसर फिरवणारा. त्याला आपण सगळे सवयीने फॅन बेल्ट म्हणतो. तो तुटतो, करकरतो, दिसतो, आणि कमी पैशांत पटकन बदलून मिळतो. टायमिंग बेल्ट कव्हरच्या आत, नजरेआड. "बेल्ट बदललाय" असं सांगणाऱ्यांपैकी निम्मे तरी फॅन बेल्टबद्दल बोलत असतात, असा माझा अनुभव आहे. त्यांना पुन्हा फोन करा आणि बिल मागा. बिलावर टायमिंग बेल्ट, टेन्शनर (बेल्टला ताण देणारी पुली) असे शब्द आणि त्या दिवशीचं किलोमीटर रीडिंग असलं तर त्या तारखेपासून हिशेब धरा. बॉनेट उघडून कव्हरवर किंवा आसपास एखादा स्टिकर दिसतो का तेही बघा, चांगले मेकॅनिक तारीख आणि किलोमीटर लिहून चिकटवतात. बिल नाही, स्टिकर नाही, तर बेल्ट बदललेला नाही असंच समजायचं. सेकंडहँड गाडीला दुसरा नियम नाही.

कुणी म्हणेल, वरचं कव्हर काढून नुसतं बघून सांगतो. बघू द्या, बिघडत नाही. बेल्टला भेगा असतील, दात झिजलेले असतील, तेलाने माखला असेल तर निर्णय तिथल्या तिथे झाला. पण बेल्ट चांगला दिसला म्हणून तो चांगला आहे असं होत नाही. आतमध्ये काचेच्या तंतूंचे दोर असतात, ओढ तेच सहन करतात, आणि ते वरून दिसत नाहीत. शिवाय बिघाड नेहमी बेल्टमध्येच सुरू होतो असंही नाही. कितीदा टेन्शनरचं बेअरिंग जाम होतं आणि धडधाकट बेल्टला घेऊन जातं.

हा बेल्ट करतो काय, ते एकदा बघा, म्हणजे बिलाकडे वेगळ्या नजरेने बघाल. पिस्टन खालीवर होतात ते क्रँकशाफ्टवर, व्हॉल्व्ह, म्हणजे हवा आत घेणारी आणि धूर बाहेर सोडणारी झाकणं, उघडतात ती कॅमशाफ्टमुळे, आणि क्रँक दोनदा फिरला की कॅम एकदा फिरला पाहिजे, एका दाताचाही फरक न होता. हे जुळवून ठेवायचं काम या पट्ट्याचं. इंजिन मिनिटाला ३,००० फेरे घेत असेल तर प्रत्येक व्हॉल्व्ह सेकंदाला २५ वेळा उघडून मिटतो. गाडी ताशी ६० च्या वेगाने आणि २,५०० फेऱ्यांवर चालते असं धरलं, तर एका किलोमीटरला इंजिनाचे २,५०० फेरे. लाख किलोमीटरला २५ कोटी. रबराचा आणि काचेच्या धाग्यांचा पट्टा हे निमूटपणे करतो. १९६२ साली ग्लास १००४ या जर्मन गाडीत तो मोठ्या प्रमाणावर उत्पादन होणाऱ्या मोटारीत पहिल्यांदा आला, कारण चेनपेक्षा स्वस्त, हलका आणि कमी आवाजाचा. त्याची किंमत आपण ठरलेल्या मुदतीला तो बदलून मोजतो.

आणि बदलला नाही तर? बऱ्याच इंजिनांत उघडलेला व्हॉल्व्ह जिथे खाली येतो तिथेच काही क्षणांनी पिस्टन वर येतो. दोघं एकच जागा आळीपाळीने वापरतात. बेल्ट तुटला की कॅम जागच्या जागी थांबतो, काही व्हॉल्व्ह उघडेच राहतात, आणि गाडी गिअरमध्ये असल्यामुळे चाकं क्रँकला फिरवत राहतात. पिस्टन येऊन त्या उघड्या व्हॉल्व्हवर आपटतात. व्हॉल्व्ह वाकतात, कधी व्हॉल्व्ह ज्यात सरकतात ते गाइड तडकतात, कधी पिस्टनला खाच पडते. मग हेड, म्हणजे इंजिनाचा व्हॉल्व्ह बसवलेला वरचा भाग, उतरवा, व्हॉल्व्ह घाला, हेड मशिनवर द्या, हेड गॅस्केट नवं, बोल्ट नवे. आणि वर बेल्ट, टेन्शनर, मजुरी हे सगळं आहेच! लोकांच्या हे लक्षात येत नाही. न बदलून बेल्टचा खर्च वाचत नाही, तो त्या मोठ्या बिलात एक ओळ होऊन बसतो. ९ वर्षांच्या गाडीला एवढं बिल आलं की दुरुस्त करायची की भंगारात द्यायची इथपासून विचार करावा लागतो.

काही इंजिनं नशीबवान असतात. त्यांत व्हॉल्व्ह आणि पिस्टन एकमेकांच्या वाटेत येतच नाहीत. बेल्ट तुटला तर गाडी नुसती बंद पडते, टो करून आणायची, नवा बेल्ट घालायचा. तुमचं इंजिन कोणत्या जातीचं आहे ते मेकॅनिकला विचाराच. तसं असलं तरी भर रस्त्यात, अवघड वळणावर इंजिन बंद पडणं हा काही स्वस्तातला सौदा नव्हे.

आता तुमच्या खऱ्या प्रश्नाकडे येते. बहुतेक गाड्यांत बेल्टची स्वतःची किंमत बिलात छोटी असते. पैसे लागतात ते बेल्टपर्यंत पोचायला. इंजिन आडवं बसवलेलं असेल, म्हणजे आजच्या बहुतेक छोट्या गाड्यांसारखं, तर बेल्ट इंजिनाच्या टोकाला, चाकाकडच्या बाजूला असतो आणि तिथे हात जेमतेम जाईल एवढी जागा असते. एकदा गॅरेजमध्ये उभं राहून बघा. आधी गाडी वर घेतात. एका बाजूचं पुढचं चाक निघतं, आतलं प्लॅस्टिक निघतं, फॅन बेल्ट निघतो. मग इंजिनाखाली लाकडाचा ठोकळा ठेवून जॅकचा आधार देतात, कारण त्या बाजूचं माउंटिंग, म्हणजे इंजिनाला धरून ठेवणारा आधार, सोडायचं असतं आणि इंजिन अधांतरी राहून चालत नाही. मग क्रँक पुलीचा बोल्ट. तो इतका घट्ट असतो की लांब दांडा लावून दोघांनी जोर करावा लागतो. मग कव्हरं. आणि मग कुठे बेल्टचं दर्शन होतं. पुल्यांवरचे मार्क, म्हणजे खुणा, जुळवायचे, कॅम आणि क्रँक पिना घालून जखडायचे, टेन्शनर सैल करायचा. जुना बेल्ट काढायला लागतात दोन मिनिटं. नवा चढवला, ताण दिला, की चावीला हात लावायच्या आधी पान्याने क्रँक सावकाश पूर्ण दोन फेरे फिरवतात आणि मार्क पुन्हा जुळतात का बघतात. दोन फेरेच का, ते आता तुम्हाला माहीत आहे. मग सगळं उलट क्रमाने बसवायचं.

याला साध्या इंजिनात तीन-चार तास लागतात. काही गाड्यांत पुढचा बंपर आणि रेडिएटरची चौकट पुढे ओढावी लागते, तिथे अख्खा दिवस जातो. म्हणून मैत्रिणीच्या गाडीला किती लागले हे विचारून काही कळणार नाही. एकाच कंपनीच्या दोन इंजिनांत दुपटीचा फरक पडू शकतो.

आणि म्हणूनच, तिथे पोचलोच आहोत तर जे जे त्या जागी आहे आणि जुनं झालंय ते एकदाच उरकायचं. टेन्शनर आणि आयडलर (बेल्टला वाट दाखवणारी पुली) हे बेल्टबरोबर बदलायचेच, यावर घासाघीस करू नका. वॉटर पंपाचं जरा समजून घ्या. बऱ्याच इंजिनांत तो याच बेल्टवर फिरतो. तसा असेल तर बदलून टाका. मी बदलला नव्हता. "पंप चांगला आहे, कशाला खर्च करता," असं मेकॅनिक म्हणाला आणि मला ते ऐकायला बरं वाटलं. आठच महिन्यांत पंपातून कूलंट गळायला लागलं, ते नव्या बेल्टवर ठिबकलं, आणि चाकापासून माउंटिंगपर्यंतची तीच मजुरी मी दुसऱ्यांदा भरली. बेल्टही पुन्हा घेतला. त्या पंपाची किंमत मला अजून पाठ आहे. मात्र पंप फॅन बेल्टवर किंवा विजेवर चालत असेल तर त्याचा या कामाशी संबंध नाही. एस्टिमेटमध्ये असला तर खुशाल काढायला सांगा. ऑइल सीलचं, म्हणजे तेल अडवणाऱ्या कड्यांचं, तसंच: कॅम किंवा क्रँकच्या सीलपाशी ओल दिसली तर बदलायचंच, कारण तेल बेल्टला खातं. फॅन बेल्ट काढलेलाच असतो, जुना असेल तर परत चढवू नका. पंप बदलला की कूलंट नवं लागणार. काही बोल्ट एकदाच वापरायचे असतात, त्यांची ओळ बिलात दिसली तर तो मेकॅनिक काम जाणतो असं समजा.

आता दोन्ही एस्टिमेट समोर ठेवा. तिप्पट फरक कशाचा, हे नुसत्या बेरजेवरून सांगता येणार नाही. सर्व्हिस सेंटरमध्ये प्रत्येक कामाचे तास ठरलेले असतात आणि तासाचा दर चढा असतो. पार्ट गाडीच्या कंपनीच्या डब्यातला असतो. ओळखीच्या गॅरेजचा दर कमी, हे ठीकच आहे. पण एक तृतीयांश म्हटल्यावर मला पहिली शंका येते की त्यात नुसता बेल्टच धरलाय. त्याला सरळ विचारा, किट घालणार की नुसता बेल्ट? किटमध्ये टेन्शनर, आयडलर असतात का? पंप धरलाय का? पार्ट कोणत्या कंपनीचा? गेट्स, डेको, कॉन्टिनेंटल या कंपन्या गाडी बनवणाऱ्यांनाही बेल्ट पुरवतात आणि स्वतःच्या डब्यातही विकतात. स्वतःच्या डब्यातला बहुधा स्वस्त पडतो, आणि तो घ्यायला माझी काही हरकत नाही. फक्त बिलासहित, खात्रीच्या विक्रेत्याकडून. बेल्टची नक्कलही बाजारात असते. मग विचारा, या इंजिनाच्या लॉकिंग पिना तुझ्याकडे आहेत का? "पिना कशाला, खडूने खूण करतो" असं उत्तर आलं तर नमस्कार करून निघा. जुन्या पद्धतीने खुणा करून बेल्ट नीट बसवणारे हात मी पाहिलेत, नाही असं नाही, पण तुमच्या गाडीवर त्याची परीक्षा नको. शेवटचं, पार्ट आणि मजुरी दोन्हींवर किती दिवसांची हमी, आणि ती लिहून देणार का?

सर्व्हिस सेंटरच्या कागदावरही हात फिरवा. बेल्टच्या कामाला जोडून इंजिन फ्लश, इंजेक्टर क्लीनिंग, कसली कसली ट्रीटमेंट असे पाहुणे येऊन बसलेले असतात. त्यांचा टायमिंग बेल्टशी काडीचा संबंध नाही. ते काढायला सांगा, आकडा किती खाली येतो बघा.

दोन्हीकडे एकच काम, तेच पार्ट असं करून पुन्हा भाव मागितलात तर तिप्पट फरक राहणार नाही असा माझा अंदाज आहे. तरीही गॅरेज स्वस्त पडेल. त्याने वरच्या प्रश्नांची सरळ उत्तरं दिली आणि हेच इंजिन आधी उघडलेलं असलं, तर मी काम त्यालाच देईन. ९ वर्षांच्या गाडीला सर्व्हिस सेंटरचा शिक्का मिळवण्यात फारसा फायदा नाही. अपवाद एक. काही इंजिनांत खास तेलात चालण्यासाठीच बनवलेला टायमिंग बेल्ट असतो. तुमचं तसं असेल तर पुस्तिकेत दिलेल्याच ग्रेडचं तेल हवं, आणि ते काम त्या इंजिनाचा नीट अनुभव असलेल्याकडेच द्यावं, कारण चुकीच्या तेलाने बेल्टचा भुगा होतो आणि तो तेलाच्या गाळणीत जाऊन अडकतो.

गाडी वर्षभराने विकायची आहे, तरी बदलायचा? पुढच्या महिन्यात विकत असतात तर म्हटलं असतं, घेणाऱ्याला स्पष्ट सांगा आणि तेवढी किंमत कमी करा. पण मुदत टळलेल्या बेल्टवर वर्षभर गाडी चालवायची हा जुगार आहे, आणि हरलात तर विकायला गाडीच उरणार नाही. घातलेले सगळे पैसे विकताना परत येतील असं सांगणार नाही, येत नाहीत. मात्र जाणकार गिऱ्हाईक पहिला प्रश्न हाच विचारतं, आणि हातात बिल नसलं की त्याच मुद्द्यावर भाव पाडतं.

काम झाल्यावर जुना बेल्ट, टेन्शनर, पंप मागून घ्या आणि टेन्शनर हाताने फिरवून बघा. खरखर लागली तर पैसे कुठे गेले ते कळेल. गाडी नेताना रेडिओ बंद ठेवा. बारीक शिट्टीसारखा आवाज आला तर बेल्ट जास्त ताणलाय, इंजिन थरथरलं किंवा इंजिनाचा दिवा लागला तर एखादा दात चुकलेला असू शकतो. दोन्हीत घरी न जाता तिथूनच परत फिरा. पंप बदलला असेल तर कूलंट काढलेलं असतं, आत हवा राहते, म्हणून पहिला आठवडा सकाळी इंजिन थंड असताना पातळी बघत जा.

गॅरेजची तारीख मिळेपर्यंत गाडी जपून वापरा, लांबचा प्रवास नको. आणि एवढं भावालाही वाचायला द्या: चालता चालता इंजिन एकदम बंद पडलं आणि चावी फिरवल्यावर सेल्फ नेहमीपेक्षा हलका, भरभर फिरतोय असं वाटलं, तर पुन्हा सेल्फ मारायचा नाही. ढकलून चालू करायला चार माणसं बोलवायची नाहीत. प्रत्येक प्रयत्नाला पिस्टन आणखी एखाद्या व्हॉल्व्हवर आपटतो. गाडी न्यूट्रलला घ्या, बाजूला लावा, टो करून न्या, आणि मेकॅनिकला सांगा की हेड उतरवायच्या आधी प्लगच्या भोकातून आत बघ, हवेचा दाब देऊन गळती तपास, मग बोल.